फोटोतला तांब्या

सुगंधा गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं वाल सोलत बसलो होतो. शेवटचं म्हणून लक्षात ठेवावं असं काहीच केलं नाही. देवाला गेलो नाही, पोराकडं बदलापूरला गेलो नाही. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, मध्ये परात, आणि चिमटीत दाबला की सालीतून टुणकन उडणारा दाणा. तिचा दाणा बरोबर परातीत पडायचा. माझा कधी परातीत, कधी कपाटाखाली. "मुंग्या झाल्या की काढायला तुमची आय येणार हाय काय वरून?" ती म्हणाली. असं ती रोजच बोलायची. माझी आई जाऊन तीस वर्षं झाली, पण भांडताना सुगंधा तिला अजून घरातच धरायची.

फोन माझ्या मांडीवर होता. पोरानं दिलेला. त्यात एक ग्रुप आहे, आमच्या अंबरनाथचे एक रिटायर मास्तर चालवतात. लोक त्यात रेल्वेचे जुने फोटो टाकतात आणि विचारतात, हे ठिकाण कुठलं? बाकीचे शिकलेले लोक. कुणी इंजिनाचा नंबर सांगतो, कुणी डब्याचा रंग. पण ठिकाण सांगायचं असलं की मास्तर लिहिणार, "काशीभाऊ, तुमच्याशिवाय नाही." कारण कल्याणपासून वांगणीपर्यंतची लाइन मी पायांनी मोजली आहे. रुळाखालची मोरी बघून, खांबाचा कल बघून, मागच्या डोंगराची खाच बघून मी ठिकाण सांगायचो आणि ते बरोबर निघायचं. चौथी पास माणसाला इंजिनिअर लोक साहेब म्हणायला लागले. बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

आता खरंही लिहितो. त्यातली निम्मी ठिकाणं सुगंधाची. मी भिंग लावून दोन-दोन दिवस मोऱ्या मोजायचो आणि ती भाकरी थापता थापता मान वळवून म्हणायची, "ते वांगणीच्या अलीकडचं. तिथल्या खड्ड्यात आमची म्हैस पडली होती." म्हैस पडली म्हणजे विषय संपला. मी जाऊन ताडून बघायचो, तर तेच. पण ग्रुपवर तिचं नाव मी एकदाही लिहिलं नाही. 'काशीभाऊंनी ओळखलं' असं लिहून यायचं आणि मी ते तिला वाचूनही दाखवायचो. ती म्हणायची, "चांगलं हाय, चांगलं हाय." मला आतून जळल्यासारखं व्हायचं. लाइनवर घाम मी गाळला, आणि डोळे हिचे चांगले!

तर त्या संध्याकाळी मास्तरांनी एक फोटो टाकला होता. मुंबईचा कुणी फोटोवाला वारला, त्याच्या पेटीतून जुन्या फिल्म निघाल्या, त्यातला. रेल्वेचं फाटक, म्हणजे आमच्या भाषेत गेट, गेटची खोली, रूळ, मागं डोंगर. गाडी नाही. गँगची पाच-सहा माणसं, एक बाई, एक पोरगी. माणसं बोटाच्या नखाएवढी. ग्रुपवर कुणालाच ठिकाण लागत नव्हतं. मी मात्र तेव्हाच ठरवून बसलो होतो. बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता. आमच्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावर. म्हणजे ही बाई सिंधी नाहीतर गुजराती, म्हणजे उल्हासनगरची बाजू, विठ्ठलवाडीच्या आसपास. डोंगरही डाव्या हाताला होते, कल्याणकडं तोंड करून उभं राहिलं की असतात तसे. सगळं जुळत होतं.

सुगंधानं एक हात पदराला पुसला आणि फोन लांब धरून बघितला. दुसऱ्या हातातला वाल तसाच चिमटीत.

"ह्यात डावं-उजवं झालंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे डावीकरचं उजवीकरं गेलंय. फिल्म उलट्या बाजूनं छापली असंल. हे आमचं गेट हाय."

"तुमचं गेट? मग ती बाई कोण? तुझी आय उजव्या खांद्यावर पदर घ्यायची काय?"

"तेच तर सांगते. नाय घ्यायची. म्हणून तर. आरशात धरा नि बघा."

"तू मला लाइन शिकवतेस?"

"लाइन नाय, फोटो शिकवते. लाइन तुमची. फोटो काढला तेव्हा मी तिथं होते, तुमी नव्हता."

एवढं बोलून तिनं वाल दाबला. दाणा परातीत पडला.

हा फोटो आता वाचनालयाच्या हॉलमध्ये मोठा करून लावला आहे. खाली पाटी आहे: 'विठ्ठलवाडीजवळील रेल्वे फाटक', आणि पुढं ओळखणाऱ्याचं म्हणून माझं नाव. ती पाटी खोटी आहे. मास्तर वर्षभर माझ्या मागं लागलेत, काशीभाऊ तुमचं लहानपण लिहून काढा, शुद्धलेखन मी बघतो. तर हे प्रकरण आधी त्यांनीच वाचावं आणि पाटी बदलावी. का खोटी, ते कळायला मला माझ्या घरापासून सांगावं लागेल.

आम्ही गँगच्या चाळीत राहायचो, अंबरनाथ स्टेशन सोडून बदलापूरच्या दिशेनं. सहा खोल्या, पत्र्याचं छप्पर, समोर रूळ. बाप गँगमन, रूळ सांभाळणारा. घरात घड्याळ नव्हतं आणि लागायचं पण नाही. पहिली गाडी गेली की आई चूल पेटवायची, मेल गेली की बाप निघायचा, दुपारची मालगाडी धडधडली की ताटल्या फळीवर वाजायच्या आणि आम्हा भावंडांना भूक लागायची. मेल लेट असली की भाताला उशीर. तांदळाची भाकरी, सुकट, आणि पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे. आई खेकड्याचे पाय पाट्यावर वाटून त्याचं पाणी काढायची आणि रस्सा करायची, तेव्हा सहाही खोल्यांना कळायचं की आज आमच्याकडं काय आहे. बापाच्या अंगाला तेलाचा आणि गरम लोखंडाचा वास यायचा. सणासुदीला उटणं लावून अंघोळ केली तरी जायचा नाही. मला तो वास आवडायचा. पुढं माझ्याच अंगाला यायला लागला तेव्हा सुगंधा म्हणायची, रूळ घेऊन झोपल्यासारखं वाटतं.

शाळा चौथीत सुटली. मास्तरांनी मारलं म्हणून नाही, उगीच कुणाला बोल लावायचा नाही. मला डोंगर बघायची सवय आणि वर्गाची खिडकी डोंगराकडं. मिसरूड फुटलं आणि मी रोजंदारीवर गँगमध्ये गेलो. तिथं मला बाळाराम मिळाला. माझ्याच वयाचा, मुकादमाच्या गावचा. डावखुरा. आता ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सांगतो. रुळांना धरणाऱ्या आडव्या स्लीपरखालची खडी ठोकून घट्ट करायची तर दोन माणसं समोरासमोर उभी राहून बीटर मारतात. बीटर म्हणजे कुदळीसारखंच, पुढं बोथट. एकाचा घाव खाली आला की दुसऱ्याचा वर. डावखुऱ्यासमोर कुणाला ताल सापडत नाही, बीटरला बीटर लागतो, हाताला मुंग्या येतात. सगळे त्याला टाळायचे. मुकादमानं मला उभा केला आणि आमचं जुळलं. त्याच्यासमोर उभं राहिलं की आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटायचं, दांड्यावर माझा उजवा हात वर तर त्याचा डावा वर. मुकादम म्हणायचा, "ह्या दोघांना एकच आय झाली असंल." तसा आरसा. फक्त आरशातला माझ्यापेक्षा देखणा होता, शीळ घालायचा, आणि बायकांशी बोलताना त्याची जीभ अडखळायची नाही. माझी अडखळायची. अजून अडखळते.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये ते गेट होतं. शेतातून रस्ता यायचा, बैलगाड्या जायच्या, कधी एखादा ट्रक. गेटवाले मामा आगरी, त्यांची खाचरं तिथंच लागून. मामांची बायको आणि पोरगी गेटच्या खोलीत असायच्या. पोरगी म्हणजे सुगंधा. गँग त्या बाजूला आली की ती विहिरीवरून कळशी घेऊन यायची आणि पितळी तांब्यानं पाणी वाढायची. आम्ही एका ओळीनं खाली वाकून ओंजळ धरायची आणि ती वरून धार सोडणार. तांब्याला कुणाचं तोंड लागायचं नाही. हा नेमच होता, गँगमध्ये मुकादमापासून माझ्यापर्यंत. तांब्या घरातला, देवाला पाणी त्यातूनच जायचं. तिची आई दारात बसून बघायची, धार किती उंचावरून पडते ते.

मी ओंजळ मुद्दाम सैल धरायचो, म्हणजे पाणी गळायचं आणि ती पुन्हा घालायची. एवढीच माझी अक्कल. बाळाराम डावा हात वर ठेवून ओंजळ धरायचा. तिची आई ओरडायची, "ए डावऱ्या, हात बदल." तो म्हणायचा, "मावशी, हात बदलला तर तोंड पण बदलावं लागंल." सगळी गँग हसायची. सुगंधाची धार हलायची. त्या हलणाऱ्या धारेनं माझं जेवण कडू व्हायचं. घरी आलो की आई विचारायची, "भाकरी कमी का खाल्लीस?" मी म्हणायचो, "ऊन." त्याच्यासमोर दुपारी बीटर मारताना माझा घाव मग जोरात पडायचा. तो म्हणायचा, "काश्या, खडीनं तुझं काय घोडं मारलंय?" खडीनं काही केलं नव्हतं.

लाइन उघडायची असली, म्हणजे रूळ सैल करून काम करायचं असलं, की एका माणसाला लांब, पाऊण मैलावर लाल बावटा घेऊन उभं राहावं लागतं. गाडी आली तर थांबवायला. काम कंटाळवाणं. दिवसभर एकटं, बसायचं नाही, बिडी ओढायची नाही, डोळे लाइनीवर. पाळी लागायची. त्या दिवशी पाळी बाळारामची होती. तो सकाळीच म्हणाला, "काश्या, आज तू जातोस का? माझ्या टाचेत काटा मोडलाय." मी लगेच हो म्हणालो. मैत्री वगैरे काही नाही. बावट्याची ती जागा थोडी चढावर होती आणि तिथून विहीर सरळ दिसायची. मी मनात हिशेब केला, ती चार वेळा तरी विहिरीवर येणार, मी चारही वेळा बघणार, आणि हा लंगडा खाली खडी ठोकत बसणार. मला माझ्याच हुशारीचं हसू आलं. जाताना माझा बीटर त्याला दिला, त्याच्या दांड्याला मी तांब्याची तार गुंडाळली होती. म्हटलं, "जपून वापर."

ती विहिरीवर एकदाच आली. मग लांबून मला एक माणूस दिसला, पांढरा शर्ट, गळ्यात काहीतरी काळं. गँग कामावरून बाजूला झाली. गेटच्या खोलीतून मावशी बाहेर आली. आणि सुगंधाचं हिरवं लुगडं त्या घोळक्यात गेलं आणि तिथंच राहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण माझा बावट्याचा हात बदलून बदलून दुखला एवढा वेळ. मी हलू शकत नव्हतो. रूळ उघडे होते. मी हललो आणि गाडी आली तर माणसं मरतील, हे मला बापानं पायावर काठी मारून शिकवलं होतं. म्हणून मी तिथंच उभा राहून बघत राहिलो. हिरवा ठिपका. त्याच्याजवळ एक ठिपका. ते दोन ठिपके बाकीच्यांपासून थोडे बाजूला.

संध्याकाळी परत आलो तर गँग खुशीत होती. मुंबईचा साहेब आला होता, गाड्यांचे फोटो काढतो म्हणे, गाडीला उशीर होता म्हणून आमचाच काढला. बाळाराम म्हणाला, "तू राहिलास की रे! मी आलोय, सुगंधा आली, मावशी पण आली." मी विचारलं, "टाच कशी आहे?" तो म्हणाला, "कसली टाच?" मग त्याला आठवलं आणि तो लंगडला. गेटपाशी मावशी विहिरीच्या दगडावर बसून तांब्या घासत होती. राख आणि चिंच लावून. एवढी जोरात की हाताच्या शिरा दिसत होत्या, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, सण जवळ आला असेल. सुगंधा कुठं दिसली नाही. त्या दिवसानंतर पाणी वाढायला मावशी स्वतः येऊ लागली.

पावसाळ्याच्या आधी बाळाराम इगतपुरीला आपल्या मामाकडं गेला. मुकादमानंच धाडलं असं बोलत. जाताना मला माझा बीटर परत केला आणि म्हणाला, "आता तुला जोडीदार उजवा मिळंल." आणि भाताची लावणी व्हायच्या आत गेटवाले मामा आमच्या चाळीत आले, बापाच्या समोर बसले. "पोरगी द्यायची हाय," म्हणाले. "तुमचा पोरगा बावटा घेऊन उभा राहतो, हलत नाय. मना असाच पायजे." बाप तर उभ्या उभ्या फुगला. मी पण. पन्नास वर्षं मी ते वाक्य नातेवाइकांना सांगितलं. सासऱ्यानं मला का निवडलं? तर मी हलत नाही म्हणून. त्यांना एवढी घाई का झाली होती, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

लग्नात मावशीनं, म्हणजे सासूनं, चार भांडी दिली, त्यात तो तांब्या. मी उल्हासनगर कॅम्प दोनला जाऊन सुगंधासाठी आरसा आणला, पत्र्याच्या चौकटीचा, कुंकू लावायला पुरेल एवढा. सिंधी दुकानदार म्हणाला, "ले जाओ सांई, बीवी बूढ़ी हो जाएगी, आईना नहीं होगा." त्याचं खरं झालं. आरसा स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अजून आहे. लग्नानंतर सुगंधा मला तुमी म्हणायला लागली. गेटवर ती मला तू म्हणायची, 'ए काश्या, ओंजळ नीट धर.' ते बंद झालं. मला ते मोठेपणाचं वाटलं. आता वाटतं, आमच्यातलं काहीतरी तिनं गेटवरच ठेवलं होतं, कुणासाठी ते विचारायची मला भीती वाटायची. इगतपुरीचं नाव निघालं की मी तिच्या तोंडाकडं बघायचो. वर्षानुवर्षं. ती भाजी निवडत असायची. बाळाराम वारल्याचं कळलं तेव्हाही मी बघितलं. ती म्हणाली, "अरेरे," आणि दूध उतू जातंय म्हणून उठली. मी त्या 'अरेरे'चा सुद्धा आठ दिवस कीस पाडला. माणसानं असं जगू नये, पण मी जगलो.

तर त्या संध्याकाळी वाल सोलून झाले. सुगंधा थोडे वाल वाटीत घेऊन शेजारणीला द्यायला गेली. मी उठलो, फोन घेतला आणि आरशासमोर धरला. तिला खोटं पाडायला.

आरशात फोटो सरळ झाला आणि मला ठिकाण विचारावंच लागलं नाही. डोंगर उजव्या हाताला गेले, बदलापूरकडं तोंड केलं की असतात तसे, मलंगगडाचा सुळका आपल्या जागेवर आला. गेटची खोली, तिच्या पाठीमागं विहिरीचा कठडा. सासूचा पदर डाव्या खांद्यावर. माझा आख्खा तरुणपणा त्या चौकटीत उभा होता आणि मी त्याला विठ्ठलवाडी म्हणत होतो. मग बाजूला उभी असलेली दोघं. मी फोनवर बोटं ताणून ती मोठी केली. पोरगी तोंडावर हात ठेवून हसतेय. तिच्या समोरचा माणूस, काखेत बीटर, दांड्याला तार गुंडाळलेली. आणि तो पाणी पितोय. ओंजळीनं नाही. तांब्या तोंडाला लावून. डाव्या हातानं. फोटोत तो हात उजवा दिसत होता, म्हणून दहा वेळा बघूनही माझं लक्ष गेलं नव्हतं. डाव्या हातानं पाणी पिणारा आमच्या गँगमध्ये एकच होता.

मग राख दिसली मला. चिंच दिसली. दगडावर तांब्या घासणारी सासू दिसली, आणि आमच्या चाळीत येऊन बसलेले मामा दिसले, त्यांची घाई दिसली. पन्नास वर्षांनी एका मिनिटात. मी वळून बघितलं. तांब्या ओट्यावर होता, पाण्यानं भरलेला, नेहमीच्या जागी. रोज सकाळी मी त्यातून पाणी प्यायचो. तोंड लावून. नवरा म्हणून तेवढा मान मला मिळाला होता, असं मी समजत होतो.

जेवायला त्याच वालाचं बिरडं होतं आणि तांदळाची भाकरी. चांगलं झालं होतं, आता लिहिताना सांगतो. तेव्हा चव कळली नाही.

"बघितलंत आरशात?" तिनं विचारलं.

"बघितलं."

"मग?"

"काय मग. धुरकट हाय. काय कळत नाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. भाकरीचा तुकडा मोडला. "फोटो काढला तेव्हा तू लांब होतास," ती म्हणाली. तू म्हणाली. इतक्या वर्षांनी. "बावटा धरून. मना दिसत होतास. एवढासा. लाल."

"मी दिसत होतो की बावटा दिसत होता?"

"तुला सोडून बावटा हवेत उभा राहणार होता काय?" आणि ती हसली, हात तोंडावर ठेवून.

शहाणा माणूस असता तर इथं काहीतरी बोलला असता. तिनं दार उघडून ठेवलं होतं, मला आता कळतं. तांब्या त्याला का दिलास, एवढं विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. कदाचित सांगण्यासारखं काही नसेल. कदाचित त्यानं हिसकावून घेतला असेल, तो तसाच होता. कदाचित तिनं दिला असेल. पण मला तो हात दिसत होता. फोटोतही ती तशीच हसत होती, तोच हात, तसाच. ती तू म्हणाली तर मला वाटलं, ती आत्ता माझ्याशी बोलत नाही, त्या गेटवर जाऊन बोलतेय, आणि तिथं मी नाही. त्या फोटोत मी कुठंच नाही. मी नंतर शोधलं, रुळाच्या टोकापर्यंत शोधलं. मी त्या चौकटीच्या बाहेर उभा होतो. आणि असतो तरी काय, त्या काळ्या-पांढऱ्या फोटोला लाल रंग दिसत नाही.

"वाढू?" तिनं विचारलं. मी ताटात हात धुतला.

त्या शेवटच्या सकाळी ती माझ्याआधी उठली. नळाचा आवाज, भांड्यांचा आवाज, मग खोकला, मग गॅसचा लायटर. मी खाटेवर बसून फोन उघडला. ग्रुपवर रात्रीतून सतरा लोकांनी सतरा ठिकाणं लिहिली होती, सगळी चूक. मला एक एक अक्षर शोधावं लागतं, वेळ लागतो. तेवढ्या वेळात मन बदलता आलं असतं. ते ठिकाण बरोबर लिहिलं की कुणीतरी विचारणार, ही माणसं कोण, ती पोरगी कोण, तो पाणी पितोय तो कोण. मग त्या दोघांची नावं एकमेकांशेजारी लिहून भिंतीवर टांगणार. मी लिहिलं: 'विठ्ठलवाडीजवळ, उल्हासनगरची बाजू. बाईचा पदर बघा.' आणि पाठवलं. दोन मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस. मास्तरांनी लिहिलं, 'वा काशीभाऊ! पदरावरून गाव ओळखलं!'

सुगंधा आत आली, हातात पाण्याचा तांब्या.

"टाकलंत काय?"

"टाकलं."

"काय लिहिलं?"

"तू सांगितलंस तेच. तुमचं गेट."

तिचा चेहरा असा फुलला की मी मान खाली घातली. "माझं नाव टाकलंत?" तिनं विचारलं. कधी नाही ते विचारलं.

"टाकलं," मी म्हणालो.

"बरं केलंत," ती म्हणाली आणि तांब्या माझ्यापुढं धरला.

मी तो घेतला नाही. उठलो, तिच्या बाजूनं मोरीत गेलो, नळ सोडला, खाली वाकलो आणि ओंजळ धरून पाणी प्यालो. सैल ओंजळ, पाणी कोपरावरून गळत होतं, बनियन भिजलं. पोटभर प्यालो.

"काय हो," मागून तिचा आवाज आला, हसू दाबलेला, "आज गँगवर जायचं हाय काय?"

मी वळलो नाही. नळ चालूच ठेवला.